बिनखिशाचे शर्ट

"सगळे म्हणजे सगळे आणा, वहिनी," असं वकिलाने फोनवर दोनदा बजावलं होतं. म्हणून वहिनींनी कपाटच रिकामं केलं. ऑफिसचे, घरात घालायचे, लग्नातला तो एकदाच अंगाला लागलेला, भिंती रंगवताना घालायचा ठिपक्याठिपक्यांचा, असे नवऱ्याचे झाडून सगळे शर्ट त्यांनी एका चादरीत बांधले आणि रविवारी दुपारी ते गाठोडं ताईच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर आणून आदळलं.

"घ्या," त्या नणंदेला म्हणाल्या, "तुमच्या भावाची अब्रू."

ताईने गाठोडं सोडलं. एकाही शर्टाला खिसा नव्हता. असणार कुठून? सगळे तिनेच तर शिवलेले.

बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल, पण या घरात तो अप्पांपासून चालत आला होता. अप्पा म्हणजे ताई, तिचा हा भाऊ आणि तो वकील या तिघा भावंडांचे वडील, कोर्टाचे थोरले नाझर. कोर्टात लोक जो पैसा भरतात, कुणाचा दंड, कुणाची जामिनाची अनामत, तो सगळा नाझराच्या हातून जातो. अप्पांना ती खुर्ची मिळाली त्या संध्याकाळी त्यांनी घरी येऊन स्वतःच्या शर्टांचे आणि विजारींचे खिसे ब्लेडने उसवले. आई ओरडत होती, अहो कापड फाटतंय, आणि ते म्हणत होते, फाटू दे. पुढे तीच खुर्ची थोरल्या मुलाला मिळाली. परीक्षा देऊन मिळाली, वशिल्याने नाही, हे अप्पांनी रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं. खुर्चीबरोबर नियमही आला. तोवर ताई शिवण शिकली होती, त्यामुळे ब्लेडची गरज उरली नाही. शर्टाला नाही की पँटला नाही, खिसा शिवायचाच नाही, मिटलं. तेव्हापासून घरात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. तो नाझर.

या नियमाचा त्रास एकच व्हायचा. नाझराला चष्मा ठेवायला जागा नव्हती. तो कधी खिडकीत सापडायचा, कधी न्हाणीघरात, एकदा तर फ्रीजमध्ये दुधाशेजारी. घरी तो शोधायचं काम वहिनींचं आणि कोर्टात पैसे भरायच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीचं. "साहेब, फाईलखाली," "साहेब, कपाळावर," असं ती दिवसातून चारदा तरी सांगायची.

आणि आता नाझर आणि ती खिडकीवरची, दोघंही घरी बसली होती.

झालं होतं ते असं. पैसे भरायची खिडकी दुपारी बंद होते. त्यानंतर धापा टाकत येणारे लोक असतातच. आज अनामत भरली नाही तर नवरा आज आतच राहणार, मुलगा आतच राहणार. अशांना परत पाठवणं नाझराच्या जिवावर यायचं. तो पैसे घ्यायचा, चिटोऱ्यावर कोर्टाचा शिक्का मारून द्यायचा आणि रक्कम दुसऱ्या दिवशी भरायचा. नियमात हे बसत नव्हतं, पण अख्ख्या कोर्टाला ठाऊक होतं. मग गेल्या महिन्यात एक माणूस खटला संपल्यावर आपली अनामत मागायला आला, आणि कळलं की ती कोर्टाकडे नाहीच. तपासणी लागली. आणखी काही जणांची तशीच निघाली. चिटोऱ्यांवर शिक्का होता, सही नव्हती, त्या घाईत पैसे नक्की कुणाच्या हातात दिले ते लोकांना धड सांगता येत नव्हतं, आणि शिक्का असायचा खिडकीवरच्या मुलीच्या टेबलावर. ती नोकरीला हंगामी, घरात एक आजारी आई. दोघांनाही कामावरून दूर केलं आणि उद्या सोमवारी दोघांची समोरासमोर चौकशी होती.

घरात कुणाला शंकाही नव्हती की हे त्या मुलीचंच काम. म्हणून तर वकील एवढा जोरात होता.

वकील हा तिघांतला धाकटा. त्याला स्वतःचा आवाज फार आवडतो, हे मागे घराच्या वाटणीच्या वेळी सगळ्यांनी भोगलंच होतं. त्याने शिलाई मशीनमागे उभं राहून घसा साफ केला.

"हं. उद्याची तालीम. मी दादाचा वकील, तू साक्षीदार, आणि त्या खुर्चीत चौकशी अधिकारी बसलेत असं समज. आपण काय करता?"

"तुला माहीत नाही होय?" ताई म्हणाली. "दहावीपर्यंत तुझ्या चड्ड्या कोणी शिवल्या?"

नाझराची लेक चिऊ कोपऱ्यात दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावत बसली होती, ती फिस्सकन हसली.

"ताई, सरळ उत्तर दे ना."

"शिवणकाम करते. बास?"

"नाझरसाहेबांचे कपडे कोण शिवतं?"

"मी."

"त्यांच्या एखाद्या शर्टाला आपण कधी खिसा लावलाय?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही म्हटलं की. तुझे कान लहानपणापासून तसलेच."

"बघा!" वकिलाने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "ज्या माणसाच्या अंगावर एक नाणं ठेवायला जागा नाही, त्याच्यावर आपण अपहाराचा आळ घेताय! आणि हे सगळे शर्ट मी टेबलावर मांडणार. एकेक. काय वाटेल त्या माणसाला?"

"वाटेल की इस्त्रीला आणलेत," चिऊ म्हणाली.

"तू रिळं लाव. आता दुसरा भाग, ताई. त्या खिडकीवरच्या मुलीचे कपडेही तूच शिवलेस ना?"

ताईने हातातली कात्री खाली ठेवली.

"हो. दोन ड्रेस."

"त्यांना खिसे आहेत?"

"आहेत. तिनेच मागून घेतले. म्हणाली, बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात हो, आम्हाला काय ठेवायचंच नसतं? बसचं तिकीट आणि खोकल्याच्या गोळ्या ठेवायला हवे होते तिला."

"गोळ्यांचं नको सांगूस. खिसे आहेत एवढंच. खोल आहेत?"

"मनगटापर्यंत हात जातो."

"झकास!"

ताईला ते 'झकास' आवडलं नाही. ती मुलगी माप द्यायला आली होती तेव्हा इथेच, या टेबलाला टेकून, अर्धा तास नाझराच्या चष्म्याच्या गमती सांगत बसली होती. दोघी पोट धरून हसल्या होत्या. नवा ड्रेस घालून खिशात दोन्ही हात घालून तिने आरशासमोर एक गिरकी घेतली होती. त्या खिशांचं उद्या हे होणार?

"छोट्या, तेवढं नको काढूस," खिडकीपाशी स्टुलावर बसलेला नाझर म्हणाला. आल्यापासून त्याने उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य. "कपड्यांचं नको."

"दादा, तू गप्प बस बरं. चांगुलपणा करून करूनच इथवर आलायस."

नाझर परत रस्त्याकडे बघायला लागला.

वहिनी इस्त्री करत होत्या आणि त्यांचं या साक्षीच्या नाटकात लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात घर होतं. सरकारी घर, दोन खोल्या आणि मागची जागा. उद्या काही वाकडं झालं तर ते रिकामं करावं लागणार. नोकरी गेली तर निवृत्तीनंतरचे पैसेही गेले. शेजारीण परवा म्हणाली, असं काहीतरी कानावर आलं, खरं का हो? वहिनींनी तिला दारातच अशी झाडली की ती अजून तोंड वर करून बघत नाही. आमच्या ह्यांच्या शर्टाला खिसा नाही, समजलं? असं म्हणाल्या होत्या त्या, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

गाठोड्याच्या तळाशी राखाडी शर्ट होता. तो हाताला लागल्यावर त्यांना हसूच आलं. नवऱ्याने काल तो मुद्दाम बाजूला काढून गादीखाली सरकवला होता, आणि आज त्यांनी तो ओढून परत गाठोड्यात टाकला होता. "राहू दे, जुना झालाय," म्हणाला होता. कॉलर विरलेली दिसू नये म्हणून, दुसरं काय! एवढा साधा माणूस, आणि त्याच्यावर ही वेळ.

"ताई, ह्याची कॉलर तेवढी उलटून द्या ना. उद्या सगळ्यांसमोर मांडायचा तर बरा दिसू दे."

ताईने शर्ट घेतला, उलटा केला, आणि शिवण उसवायला कॉलर बोटांत धरली. मग तिचा हात खाली घसरला. आतल्या बाजूला, डावीकडे, बगलेच्या जरा खाली, कापड जाड लागत होतं.

खिसा होता. राखाडी शर्टाला आतून शिवलेला पांढऱ्या कापडाचा खिसा, काळ्या दोऱ्याने. टाके करंगळीएवढे, वाकडेतिकडे. शेवटी गाठ नाही, नुसतेच चार उलटसुलट टाके मारून दोरा तोडलेला. असं शिवणारा माणूस जगात एकच होता. तो सात वर्षांचा असताना ताईनेच त्याला बटण लावायला शिकवलं होतं, आणि गाठ मारायला त्याला शेवटपर्यंत जमलं नव्हतं.

शर्ट तिने पुन्हा सुलटा केला, घडी घातली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"चहा करायचा तर दूध संपलंय," ती म्हणाली. "चिऊ, आईला घेऊन जा आणि कोपऱ्यावरून दूध आण. बिस्किटंही आण."

"आईला कशाला? मी आणते."

"तू नेहमी पातळ दूध आणतेस. जा म्हटलं ना."

वकिलाचा फोन वाजला तो त्याच वेळी. तो बोलत बोलत बाहेर फुटपाथवर गेला. बाहेर जाऊन बोललं की लोक वळून बघतात, ते त्याला हवंच असतं.

दुकानात दोघंच उरली.

ताईने शर्ट उलटा करून टेबलावर पसरला. नाझराने मान वळवून पाहिलं आणि लगेच परत फिरवली. त्याचे कान लाल झाले होते.

"गुंड्या," ताई म्हणाली. लहानपणी तो शर्टाच्या गुंड्या चावायचा, म्हणून तिनेच पाडलेलं हे नाव. कितीतरी वर्षांत तिने ते घेतलं नव्हतं. "खिसा हवा होता तर माझ्याकडे का नाही आलास रे?"

नाझर खिडकीची कडी खालीवर करत राहिला.

"किती घाण शिवलायस. दोरा तरी राखाडी घ्यायचास."

"घरात काळाच होता," नाझर म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. त्याने तोंडावर हात घेतला. ताई पुढे झाली आणि स्टुलाशेजारी उभी राहून त्याचं डोकं तिने पोटाशी धरलं. त्याचं रडून होईपर्यंत ती त्याच्या केसांत अडकलेले दोऱ्याचे तुकडे काढत राहिली.

"आधी खरंच भरण्यासाठीच होता तो," तो म्हणाला. "खिडकी बंद झाल्यावर लोक यायचे. पैसे हातात घेऊन घरी कसं यायचं? बसमध्ये गर्दी. म्हणून शिवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम, पैसे भरायचे. कितीतरी महिने तसंच केलं, ताई. आईची शपथ."

"मग?"

"मग एकदा नाही भरले."

"कशाला लागले?"

त्याने स्टुलाखाली पडलेलं एक बटण उचललं.

"तुझं ना व्यसन, ना चैन. घरात नवीन चमचा आलेला मी पाहिला नाही. कशाला लागले?"

"तू कुणाला सांगणार नाहीस ना?"

"तसा शब्द मी देणार नाही. सांग."

नाझराने दाराकडे पाहिलं. बाहेर वकिलाचा हसण्याचा आवाज येत होता.

"छोट्याला वकिलीसाठी चेंबर घ्यायचं होतं. दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, दादा, उद्या अनामत भरली नाही तर जागा हातची जाते. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी धड होतंय माझं. माझ्याकडे नव्हते, ताई. पण तो नेहमीसारखा माझ्याकडे बघत होता, दादाकडे असणारच अशा नजरेने. मला नाही म्हणता आलं नाही. खिशात होतेच. दोनतीन लोकांचे. मनात म्हटलं, तीही अनामत, हीही अनामत. दोन महिन्यांत परत टाकू. मग आधीच्याचे भरायला नंतर आलेल्याचे वापरले, त्याचे भरायला पुढच्याचे. अर्धे भरले मी, खरंच. बाकीचे जमेनात."

"आणि छोट्याला काय सांगितलंस?"

"बचतीतून काढले म्हणून."

ताई स्टुलाशेजारी खाली जमिनीवरच बसली. तिला राग यायला हवा होता आणि तो येत होताही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी येत होतं. या घरात ज्याला त्याला काही लागलं की नाझराकडे जायचं, ही सवय सगळ्यांनाच होती. हे दुकान घेताना तीसुद्धा त्याच्याचकडे गेली होती. बिनखिशाच्या माणसाकडे सगळ्यांनी आयुष्यभर पैसे मागितले होते.

"ते सगळं ठीक," ती शेवटी म्हणाली. "पण गुंड्या, ती मुलगी?"

"कामावरून दूर केलं तरी हजेरीची सही करायला आम्हाला दोघांना रोज जावं लागतं," नाझर म्हणाला. "ती जिन्यात भेटते. अजून म्हणते, काळजी करू नका साहेब, तुम्ही घेतले नाहीत हे मला माहीत आहे. मला सांगते ती. आणि मी मान हलवतो." तो थांबला. "उद्या सांगेन, परवा सांगेन, असं करत महिना काढला मी. भित्रा आहे मी, ताई. अप्पांचा मुलगा शोभत नाही."

"अप्पांचं राहू दे. अप्पांकडे कुणी पैसे मागायची हिंमत केली नाही, हेही लक्षात घे. आता उद्याचं बोल."

दाराशी हालचाल झाली. वकील फोन खिशात टाकत आत आला होता, आणि टेबलावरचा उलटा शर्ट त्याला दिसला होता.

वकिली काही झालं तरी अंगात मुरलेली असते. त्याने आधी दार लावलं. मग जवळ येऊन खिशात दोन बोटं घालून पाहिली, आणि मगच तो भावाकडे वळला.

"हा आजच निघाला ना? वहिनींनी पाहिलाय?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग काप. दोन मिनिटांचं काम आहे. कापून टाक, टाके उपसून टाक, वरून इस्त्री फिरव. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"तू एवढंही विचारणार नाहीस, की खरं का?"

"वकील तो प्रश्न विचारत नाही."

"वकील नाही विचारत. भावाने विचारावा."

वकिलाने नाझराकडे पाहिलं. नाझर जमिनीकडे बघत होता. आता मात्र वकिलाचा आवाज खाली आला.

"दादा, केव्हाचं आहे हे?"

"ताई, नको," नाझर म्हणाला.

"मी काही बोललेच नाहीये," ताई म्हणाली.

पण त्या 'नको'तच सगळं आलं होतं. वकिलाने उलटतपासण्या करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, एवढं न कळण्याइतका तो मूर्ख नव्हता. केव्हापासून पैसे भरले गेले नव्हते, ते त्याने आरोपपत्रात पाच वेळा वाचलं होतं. त्याच आठवड्यात त्याच्या चेंबरच्या दारावर पाटी लागली होती. पाटी लावायला दादाच स्टुलावर चढला होता, आणि खाली उतरल्यावर चष्मा सापडेना म्हणून सगळे हसले होते.

तो मशीनपुढच्या खुर्चीवर बसला. गेले आठ दिवस तो ज्या मुलीला चोर ठरवण्यासाठी शब्द जुळवत होता, तिच्या खिशांची खोलीसुद्धा त्याने मघाशी विचारून घेतली होती.

"तू 'नाही' का नाही म्हणालास?" तो कसाबसा म्हणाला. "दादा, मी काय मेलो असतो का चेंबरशिवाय?"

"तू खूश होतास रे," नाझर म्हणाला.

वकील ढसाढसा रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, टाय लावलेला, मशीनवर डोकं ठेवून रडत होता, आणि नेमक्या त्याच वेळी वहिनी आणि चिऊ दूध घेऊन आत आल्या.

वहिनींनी शर्ट पाहिला. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी दुधाची पिशवी खाली ठेवली.

"मी शेजारणीला काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलले."

"अगं..." नाझर उठून उभा राहिला.

"बसा तुम्ही. कुठे गेले पैसे? भाऊजींना दिलेत ना? बघा, मला विचारावंही लागत नाही. मला का नाही सांगितलंत? मी म्हटलं असतं ना भाऊजींना नाही म्हणून! तुम्हाला येत नाही, मला येतं!" त्यांनी टेबलावरची कात्री उचलली. "ते काही नाही. कापा हे. ताई, तुम्ही कापता की मी कापू? एवढ्याशा कापडासाठी मी घर सोडणार नाही. चिऊचं शिक्षण व्हायचंय अजून. त्या मुलीचं काय जातंय? हंगामी नोकरी, दुसरी मिळेल."

वकील आता त्यांच्या बाजूने बोलेल असं वहिनींना वाटलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"नाही मिळणार तिला, वहिनी," तो म्हणाला. "चोरीचा ठपका घेऊन कुठेच नाही मिळणार."

"मग तुम्ही काय आमच्या विरुद्ध?"

"आई," चिऊ म्हणाली, "ती बाबांना चष्मा शोधून द्यायची."

एवढंच म्हणाली ती. वहिनींच्या हातातली कात्री खाली आली. त्या स्टुलाकडे गेल्या, नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांनी त्याच्या दंडावर एक चापट मारली. जोरात नाही, पण लागेल अशी. मग दुसरी मारायला उचललेला हात त्यांनी त्याच्या खांद्यावरच ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"आत टाकतील का हो तुम्हाला?"

"टाकतीलही," नाझर म्हणाला. "मी उद्या सगळं सांगणार आहे. पण आधी तुला विचारतो."

"आता विचारताय," वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. "सांगा जा. मला रोज जिन्यात त्या शेजारणीपुढे खोटं तोंड करून जाणं नाही जमायचं. आणि नोकरी गेली तर गेली. मी आहे ना, ताईंकडे काजं करेन."

"तुझी काजं मी घेणार नाही," ताई म्हणाली. "मागच्या वेळी बटणच आत जाईना."

हसायची वेळ नव्हती, तरी वहिनी हसल्या, आणि मग सगळ्यांनाच जरा श्वास घेता आला.

वकिलाने तोंड धुतलं, टाय काढून खिशात कोंबला. "मी चेंबर सोडतो. अनामत परत मिळते, ती उद्याच कोर्टात भरू. पण दादा, तुझी बाजू मला मांडता येणार नाही. पैसे माझ्याकडे आले, म्हणजे मीच साक्षीदार झालो. तुझ्यासाठी मी दुसरा चांगला माणूस बघतो."

"तू नुसता शेजारी बस."

"आणि मी सांगणार, भावासाठी घेतले म्हणून. दया दाखवतील."

"नाही सांगायचं," नाझर म्हणाला, आणि हे त्याने इतकं ठाम सांगितलं की सगळ्यांनी वर पाहिलं. "विचारलं तर खरं सांग. आपण होऊन नाही. ज्याची अनामत गेली त्या माणसाला काय करायचंय मी ती कुणाला दिली त्याचं? त्याचे पैसे माझ्या हातात होते. माझ्या हातून गेले."

चहा झाला. बिस्किटं कुणी खाल्ली नाहीत, चिऊने दोन खाल्ली. ताईने उद्यासाठी म्हणून शिवलेला नवा पांढरा शर्ट कपाटातून काढला. उरलेल्या कापडाचा एक चौकोन कापला, कडा दुमडल्या, बोटाने दाबल्या आणि शर्टाच्या डाव्या छातीवर ठेवून पाहिला.

"ताई, काय करतेस?" नाझर म्हणाला. "अप्पा..."

"अप्पांचं मी बघेन. वरून काय म्हणायचं ते मला म्हणू देत." तिने शर्ट मशीनखाली सरकवला. "लपवून शिवलास तो वाईट. हा समोर आहे, सगळ्यांना दिसेल. हात वर कर, माप बघू दे. किती वाळलायस रे."

मशीन सुरू झालं. वहिनी शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि ताईच्या हाताखाली कापड सरळ धरून राहिल्या.

सोमवारी चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. अधिकारी, टाइप करणारा एक लेखनिक, एका बाजूला नाझर आणि त्याच्याशेजारी नुसताच बसलेला वकील. समोर खिडकीवरची मुलगी एकटी बसली होती. तिच्याबरोबर कोणी आलं नव्हतं. तिचे दोन्ही हात ताईने शिवलेल्या खिशांत होते. बाहेर बाकावर ताई, वहिनी आणि चिऊ. दार नीट लागत नव्हतं, म्हणून त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"आरोपपत्र वाचा आणि काय म्हणायचंय ते सांगा," अधिकारी म्हणाले.

नाझराने कागद ओढला. मग टेबलावर हात फिरवला, कपाळ चाचपलं, खुर्चीखाली वाकून पाहिलं. वकीलही वाकला. अधिकारी घड्याळाकडे बघायला लागले.

"साहेब," समोरून ती मुलगी हळूच म्हणाली, "खिशात आहे."

नाझराने छातीवर हात नेला. चष्मा तिथेच होता, सकाळी वहिनींनी ठेवलेला. त्याने तो काढून डोळ्यांवर लावला. मुलगी त्या खिशाकडे बघत होती, आणि तिला एवढा आनंद झाला होता की जिथे बसलोय ते क्षणभर विसरून ती हसली.

"अगंबाई, शिवला शेवटी ताईंनी!"

"हो," नाझर म्हणाला. महिनाभरात पहिल्यांदा त्याने तिच्या नजरेला नजर दिली. कागद त्याने न वाचताच बाजूला ठेवला आणि टाइप करणाऱ्याकडे वळला.

"लिहून घ्या," तो म्हणाला. "हिने काही घेतलेलं नाही. पैसे मी घेतले."

बाहेर बाकावर वहिनींनी ताईचा हात घट्ट धरला. आत टाइप करण्याचा आवाज सुरू झाला.